पेटंट एजंट म्हणजे आरटीओचा एजंट नव्हे

इचलकरंजीत माझ्या मामेभावाचं छोटं वर्कशॉप आहे. तो मूळचा जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. वर्कशॉपच्या भिंतीवर, दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी, काचेच्या चौकटीत एक कागद लावलेला होता. वर सरकारी शीर्षक, खाली अर्जाचा नंबर आणि फी भरल्याचा तपशील. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "हे माझं पेटंट." ती फक्त अर्ज दाखल झाल्याची पावती होती. तीन वर्षं आमच्या घरात कुणालाच हे कळलं नाही. मलाही नाही, आणि मी तर शिकलेला.

जुन्या साध्या मागावर बाण्याचा धागा तुटला किंवा धोट्यातली कांडी संपली आणि माग वेळेत थांबला नाही, तर कापडात पट्टा पडतो. तेवढं कापड खराब. नवीन मागांना यासाठी यंत्रणा असते, जुन्या मागांवर ती असली तरी बहुतेक वेळा बिघडलेली. भावाने स्वस्तात एक जोडणी बनवली. मागाचा सांगाडा न कापता, न वेल्डिंग करता ती बसते आणि काढताही येते. शेजारच्या चार कारखानदारांनी ती लावून घेतली. मग कुणीतरी सांगितलं, पेटंट घे. कुणीतरी एका एजन्सीचा नंबर दिला. एजन्सीवाला 'आपलाच माणूस' होता. पंचेचाळीस हजारांचं 'पॅकेज' ठरलं. २०२१ साली अर्ज गेला आणि २०२२ मध्ये तो प्रकाशित झाला. आमच्या भागातल्या एका मंडळाने शाल-श्रीफळ देऊन 'पेटंटधारक' म्हणून त्याचा सत्कार केला. त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी केलं होतं.

गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाचीने तो नंबर पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर टाकून पाहिला. परीक्षकाचा पहिला अहवाल २०२३ मध्ये आलेला होता. उत्तराची मुदत सहा महिन्यांची. उत्तर कुणी दिलंच नव्हतं. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अर्ज सोडून दिल्याचं धरलं गेलं होतं. अहवाल गेला होता एजन्सीच्या ईमेलवर. एजन्सीचा फोन बंद.

यातली सर्वांत वाईट गोष्ट पंचेचाळीस हजार रुपये गेले ही नाही. अर्ज प्रकाशित झाला होता, त्यामुळे जोडणीची सगळी रचना आकृत्यांसकट जगासमोर आली. आता ती कुणीही बनवू शकतो. भाऊ पुन्हा तोच अर्ज करू शकत नाही, कारण त्याचाच जुना अर्ज त्याच्या आड येतो. पेटंट हा सरकारशी केलेला सौदा आहे: तुमचं गुपित तुम्ही लोकांना सांगता, बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं तुम्हाला त्यावर हक्क मिळतो. भावाने गुपित देऊन टाकलं आणि बदल्यात त्याला शाल मिळाली.

मला वाटतं, घोळ 'एजंट' या शब्दापासून सुरू झाला. आपल्या मोहल्ल्यात एजंट म्हणजे आरटीओचा, पासपोर्टचा, रेशनकार्डाचा. तो फॉर्म भरतो, खिडकीवर ओळख काढतो, कागद पुढे सरकवतो. सरकारी कचेरीत आपल्याला कुणी नीट उत्तर देईल याचा भरोसा नसतो, म्हणून आपण ओळखीचा माणूस धरतो. यात लाजण्यासारखं काही नाही, अनुभवाने शिकलेली सवय आहे ती. पण पेटंटमध्ये ही सवय घात करते. पेटंट एजंटचं खरं काम कागद सरकवणं नसून लिहिणं आहे. तुमच्या डोक्यातली आणि हातातली गोष्ट तो शब्दांत मांडतो, आणि कायदा फक्त त्या शब्दांचंच रक्षण करतो. तुम्ही काय बनवलं याला तिथे किंमत नाही, काय लिहिलं याला आहे. म्हणून एजंट पारखायचा तर त्याची ओळख किती वर पोचते हे विचारण्यात अर्थ नाही. त्याचं लिखाण बघायचं.

लिखाणात काय बघायचं? पेटंटच्या मसुद्याच्या शेवटी 'क्लेम्स' असतात, म्हणजे दावे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा असतात, तसे. तुमची हद्द इथून इथपर्यंत, हे दावे सांगतात. भावाचा मसुदा नंतर मी वाचला. पहिल्याच दाव्यात एजन्सीने लिहिलं होतं: लोखंडी पट्टी, त्यावर अमुक प्रकारचा सेन्सर, १२ व्होल्टची मोटार आणि लाल दिवा. वाचताना भारदस्त वाटतं. पण दाव्यात जितक्या वस्तू, तितकी हद्द लहान होत जाते. शेजाऱ्याने लाल दिव्याऐवजी भोंगा लावला की तो हद्दीबाहेर गेला. ज्यात खरी कल्पना होती, म्हणजे सांगाडा न कापता जोडणी कशी पकडून बसते, तिच्यावर एक ओळसुद्धा नव्हती. उलट टोकाची चूकही होते. 'धागा तुटल्यावर माग थांबवणारं यंत्र' असा मोघम दावा केला तर परीक्षक लगेच दाखवतो, की अशा यंत्रणा कित्येक दशकांपासून आहेत. या दोन टोकांच्या मधे नेमकी जागा शोधणं हीच एजंटची कारागिरी. त्याची फी आपण त्यासाठीच देतो.

म्हणून पहिल्या भेटीत एजंट किती बोलतो याकडे लक्ष देऊ नका, तो काय विचारतो ते ऐका. "हा भाग काढून टाकला तर चालेल का? हेच काम दुसऱ्या कशाने होईल? तुमची नक्कल करायची असेल तर कुणी काय बदलेल?" असे प्रश्न येत असतील तर माणूस कामाचा आहे. "शीर्षक आणि फोटो व्हॉट्सअॅप करा, बाकी आम्ही बघतो" असं म्हणत असेल तर उठून या. भावाच्या एजन्सीने वर्कशॉपमध्ये एकदाही पाऊल ठेवलं नव्हतं, आणि आम्ही समजत होतो की कामात फार तरबेज असल्यामुळे त्यांना यायची गरज पडत नाही.

आता शोधायचं कुठे. भारतात पेटंट एजंट म्हणून काम करायला नोंदणी लागते. विज्ञान, इंजिनिअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट ऑफिसची परीक्षा, किंवा पेटंट ऑफिसात परीक्षक वगैरे पदावर दहा वर्षांचा अनुभव. नोंदणी झालेल्यांची यादी पेटंट ऑफिसच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येते. प्रत्येकाला 'आयएन/पीए' ने सुरू होणारा नंबर असतो. तो मागा आणि यादीत ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केलं तर निम्मे भोंदू इथेच गळतात. एजन्सीच्या नावाला, चकचकीत ऑफिसला किंवा 'आयपी कन्सल्टंट' या पाटीला कायद्यात काही अर्थ नाही. नोंदणी माणसाची असते. अर्जावर कोणाचं नाव जाणार, मसुदा प्रत्यक्ष कोण लिहिणार, हे थेट विचारा. पुष्कळदा बोलणी करणारा एक असतो आणि लिहिणारा कालपरवा लागलेला शिकाऊ मुलगा.

वकील आणि एजंट यांतला फरकही समजून घ्या, कारण आपल्याकडे लोक सरळ कोर्टातल्या ओळखीच्या वकिलाकडे जातात. मसुदा लिहिणं, अर्ज करणं, परीक्षकाला उत्तर देणं हे नोंदणीकृत एजंटचं काम. पुढे कुणी नक्कल केली आणि दावा लावायचा झाला तर वकील लागतो. असा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही, आणि समोरच्याने तुमचं पेटंटच रद्द करा अशी उलट मागणी केली तर प्रकरण उच्च न्यायालयात जातं. काही जण वकीलही असतात आणि एजंटही. चांगलंच. पण भाडेकराराचे आणि तलाकचे खटले लढणाऱ्या भल्या वकीलसाहेबांना यंत्राचा मसुदा लिहायला लावणं म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडून दाढ काढून घेणं.

नंबर खरा निघाला की पुढची पायरी. या पायरीवर बहुतेक जण संकोच करतात. एजंटकडून त्याने केलेल्या चार-पाच प्रकाशित अर्जांचे नंबर मागा. शक्यतो तुमच्याच क्षेत्रातले, कारण औषधांचे मसुदे लिहिणारा माणूस मागाचा मसुदा चांगला लिहीलच असं नाही. प्रकाशित अर्ज उघडे असतात, त्यात गुपित काही राहिलेलं नसतं. त्यामुळे "क्लायंटची माहिती देता येत नाही" हे उत्तर इथे लागू पडत नाही. ते नंबर 'इनपास' नावाच्या सरकारी शोधयंत्रणेत टाका. फुकट आहे. मूळ मसुदा, परीक्षकाचा अहवाल, एजंटचं उत्तर, निकाल, सगळं वाचायला मिळतं. उत्तर वेळेत दिलं का? परीक्षकाच्या प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर आहे की तीच ती वाक्यं सगळ्या अर्जांत चिकटवली आहेत? पेटंट मिळताना दावे किती आखडले? पाचातले तीन अर्ज 'सोडून दिले' असे दिसले तर कारण विचारा. कधी अशीलच पैसे देणं थांबवतो, त्यात एजंटचा दोष नसतो. पण विचारायला हवं. इंग्रजी कायद्याची भाषा अवघड वाटेल. मोहल्ल्यातल्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या मुलीला शेजारी बसवा. आमची भाची एकोणीस वर्षांची होती.

मला सगळ्यात भरोशाचा वाटतो तो एजंट, जो पहिल्याच बैठकीत "नको" म्हणू शकतो. पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये कशाला पेटंट मिळत नाही याची मोठी यादी आहे. निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्राम, माहीत असलेल्या वस्तूंची नुसती फेरजुळणी, पारंपरिक ज्ञान. आपल्यातले बरेच तरुण बीयूएमएस करतात. दादाजानच्या नुस्ख्याचं पेटंट घ्यायचं म्हणून कुणी आलं, आणि एजंटने पारंपरिक ज्ञानाचं कलम किंवा जैवविविधता प्राधिकरणाचं नावही न काढता पावतीपुस्तक उघडलं, तर समजून जा. युनानीचे नुस्खे भारत सरकारच्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात आधीच नोंदवलेले आहेत. अमेरिकेत हळदीवर दिलेलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं तेही जुने लेखी पुरावे दाखवल्यामुळेच. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ती लढाई लढली. जो न्याय अमेरिकेतल्या विद्यापीठाला लागला तो आपल्यालाही लागतो.

"शंभर टक्के पेटंट मिळवून देतो" ही जाहिरात दिसली की थांबा. पेटंट द्यायचं की नाही हे कंट्रोलर ठरवतो, कुठलाही एजंट नव्हे. ही हमी देणारे दुसऱ्याच कशाची तरी हमी देत असतात. कॉलेजांतल्या प्राध्यापकांना हा धंदा चांगला माहीत आहे. बढतीसाठी पॉइंट हवेत, मग कुणी नुसत्या 'प्रकाशित' अर्जाला पेटंट म्हणून विकतं, कुणी वस्तूच्या आकाराची, दिसण्याची डिझाईन नोंदणी करून तिला 'डिझाईन पेटंट' म्हणतं. अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी तो प्रकाशित होतोच, जादा फी भरली तर लवकर होतो. त्यासाठी शोध चांगला असावा लागत नाही. प्रकाशन आणि मंजुरी यांत नोंदणी फॉर्म आणि निकाह यांच्याइतकं अंतर आहे. पेटंट मिळालेलं नसताना मालावर 'पेटंटेड' छापणं तर कायद्याने दंडनीय आहे. आपल्या संघटनांनीही हे ऐकावं. सत्काराची यादी करताना अर्जाचा नंबर एकदा वेबसाइटवर टाकून बघायला काय हरकत आहे? मी बघितला नव्हता.

पैशांचं बोलूया. स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करणाऱ्या व्यक्तीला सरकारी फी १६०० रुपये, मसुदा ३० पानांच्या आणि दावे १०च्या आत असतील तर. परीक्षणाच्या विनंतीची फी ४००० रुपये. ही विनंती वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांनंतर केलेल्या अर्जांसाठी तिची मुदत ३१ महिन्यांची आहे, आणि ती चुकली तर अर्ज मागे घेतल्याचं धरतात. म्हणजे सरकारचा वाटा छोटा, खर्च होतो एजंटच्या फीवर. तो होऊ द्या, चांगल्या मसुद्याला वेळ लागतो. फक्त फी टप्प्याटप्प्याने लिहून घ्या: आधीच्या पेटंटांचा शोध किती, मसुदा किती, परीक्षकाच्या अहवालाला उत्तर किती, सुनावणी किती. 'पॅकेज'मध्ये नेमकी शेवटची दोन कामं नसतात, आणि अर्ज मरतात ते तिथेच. पहिल्या टप्प्याला फक्त शोधाचे पैसे द्या आणि त्याचा लेखी अहवाल मागा. त्या अहवालावरून माणूस कळतो. अहवाल वाचून पुढे न जायचं ठरलं, तर मोठ्या खर्चातून वाचलात.

पैसेच नसतील तरी दोन वाटा आहेत. डीपीआयआयटीकडे नोंदलेल्या स्टार्टअपसाठी केंद्राची योजना आहे. तिच्यातल्या फॅसिलिटेटर एजंटची फी सरकार देतं, तुम्ही फक्त सरकारी फी भरायची. त्यांचीही यादी जाहीर आहे, आणि ती यादीही वर सांगितलं तशीच पारखून घ्यायची. दुसरी वाट ज्यांच्याकडे डिग्री नाही, हातात हुन्नर आहे, त्यांची. गांधीनगरचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन अशा तळातल्या संशोधकांना पेटंटसाठी मदत करतं. 'थ्री इडियट्स'मध्ये स्कूटरवर चालणारी पिठाची गिरणी दिसते, ती आपल्या जळगावच्या जहांगीर पेंटर यांच्या डोक्यातून आलेली. त्यांच्यासारख्यांना देशापुढे आणलं ते याच जाळ्याने.

सही करण्यापूर्वी तीन गोष्टी. अर्जावर संशोधक आणि अर्जदार म्हणून कोणाकोणाची नावं आहेत ती स्वतः वाचा. एजन्सीचा माणूस, कॉलेजचा विभागप्रमुख, पैसे देणारे चाचा, कुणालाही भिडेखातर आत घेऊ नका. सहमालकाचा वाटा, वेगळं ठरवलं नसेल तर, सारखा धरला जातो. तो स्वतः ती वस्तू बनवून विकू शकतो, आणि त्याच्या संमतीशिवाय तुम्ही कुणाला परवाना देऊ शकत नाही. दुसरं, पत्रव्यवहाराच्या जागी एजंटसोबत तुमचाही ईमेल आणि मोबाइल घाला. तिसरं, अर्ज दाखल होईपर्यंत गोपनीयतेचा लेखी करार, आणि तोवर रील नाही, स्टेटस नाही, गल्लीतल्या प्रदर्शनात मांडणं नाही. एकदा गोष्ट उघड झाली की ती कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही, मग ती तुम्ही स्वतः का उघड केलेली असेना. सवलती आहेत, पण त्या फार अरुंद आहेत.

एक बाजूची गोष्ट. एवढे बी.एस्सी. आणि बी.ई. झालेले तरुण आपल्याकडे नोकरी शोधत फिरतात, पण पेटंट एजंटच्या परीक्षेचं नाव फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. वय २१, भारतीय नागरिकत्व आणि पदवी एवढंच लागतं. दोन लेखी पेपर आणि तोंडी. परीक्षा दरवर्षी होतेच असं नाही, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था तर आपल्या नागपुरात आहे. 'आपलाच माणूस' हवा असेल तर तो असा तयार व्हावा. तोही यादीत ताडून आणि त्याचे मसुदे वाचूनच निवडायचा, हे वेगळं सांगत नाही.

भावाने चौकट उतरवली. काही महिने तो याविषयी बोललाच नाही. मग एका रात्री फोन आला, "तू शिकलेला आहेस, तूच बघ की रे." त्याने जोडणीत बदल केला होता. जुन्या अर्जात नसलेली, कांडी संपण्याआधीच ओळखणारी एक युक्ती. आम्ही तिघं, तो, मी आणि भाची, चार एजंटांना भेटलो. दोघांनी जुन्या अर्जांचे नंबर द्यायला नकार दिला. तिसऱ्याचे नंबर आम्ही वाचले, मसुदे ठीक होते, पण सगळे रसायनांचे. चौथ्या पुण्याच्या एक बाई. त्यांनी आधी भावाचा बुडालेला अर्ज मागवून वाचला, मग म्हणाल्या, "यातलं ऐंशी टक्के आता तुमचं राहिलेलं नाही. उरलेल्या वीस टक्क्यांत दम आहे का ते मला माग चालू असताना बघावं लागेल." त्या आल्या, दोन तास त्या खडखडाटात उभ्या राहिल्या आणि भावाला इतके प्रश्न विचारले की तो वैतागला. शोधाचा अहवाल सतरा पानांचा आला.

अर्ज या वर्षी गेला आहे. पावती यावेळी फाईलमध्ये आहे. दर महिन्याच्या एक तारखेला भाची तो नंबर वेबसाइटवर टाकते आणि घरच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट पाठवते. अजून काही हाललेलं नाही.